टेकू काढले म्हणून

आसुंताबाई कुठल्याही छपराखाली बसण्याआधी काठीने ठोकून बघायची. दुकान असो, दवाखाना असो, चर्च असो. आधी खांबाला दोन ठोके, मग भिंतीला एक, मग क्षणभर कान देऊन थांबायची आणि मगच बसायची. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीतले लोक तिला वेडी म्हणत. मी म्हटलं नाही. तो ठोका माझ्या ओळखीचा होता.

आमच्या घराजवळ नवं सुपरमार्केट उघडलं तेव्हा तिला पहिल्यांदा पाहिलं. दारातच एक ठेंगणी म्हातारी, काळा कोट, लोखंडी टोकाची काठी, खांब ठोकत उभी. माझा मुलगा दिलीप म्हणाला, "आई, तिकडे बघू नकोस. आपल्या शेजारची आहे, जरा सटकलेली आहे."

मी त्याचं ऐकलं नाही. पुढे गेले, तिच्या हातातली काठी मागून घेतली आणि त्याच खांबाला ठोका दिला. मग भिंतीला दिला. घट्ट आहे अशी हाताने खूण केली. डोंगर आतून खोदताना असंच करतात. पहारीने वरचा दगड वाजवायचा. खणखण वाजला तर खाली उभं राहायचं, बद्द वाजला तर पळायचं. ज्याने हे केलंय त्याला ते विसरता येत नाही.

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. नऊवारी लुगडं, त्यावर दिलीपचा जुना कोट, पायात त्याचेच बूट. मग विचारलं, "टनेल?"

टनेल हा शब्द मला कामावरच कळलेला. मी म्हटलं, "टनेल."

"कुठला?"

"इंडिया."

तिने काठी परत घेतली आणि दुसऱ्या दिवशी पावाचा गोळा घेऊन आमच्या दारात आली. आत मात्र आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून पाव माझ्या हातात दिला आणि गेली. पुढे तीन वर्षं तसंच चाललं. रिकाम्या हाताने ती घरात यायची, चहा प्यायची, दिलीपच्या फ्रिजला नावं ठेवायची. पण खायला आणलं असेल तर उंबऱ्यावरूनच द्यायची.

तिचं इंग्रजी मोडकं आणि माझं त्याहून मोडकं. बाकीचं काम हात, चमचे आणि टेबलावर मांडलेल्या खड्यांनी व्हायचं. तिचं बोलणं मी इथे सरळ मराठीत लिहिते आहे. ती ऐंशीच्या घरात आणि मी तिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, पण आमच्या त्या इंग्रजीत मान द्यायची सोय नव्हती, म्हणून इथेही एकेरीच लिहिते. माझं नाव हौसाबाई. तिला ह म्हणता यायचा नाही, ती मला औसा म्हणायची. माझ्या माहेरीही सगळे औसाच म्हणत, त्यामुळे मला काही वाटलं नाही.

रागीट बाई. पोस्टमनशी भांडायची, नगरपालिकेच्या माणसाशी भांडायची, टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्याशीही भांडायची. तिच्या अंगणात अंजिराचं एक झाड होतं. दर नोव्हेंबरात ती त्याच्या एका बाजूची मुळं तोडून त्याला आडवं करायची आणि चरात पुरून टाकायची, म्हणजे थंडीने मरत नाही. एप्रिलात उकरून परत उभं करायची आणि दोन्ही बाजूंनी टेकू लावायची. दिलीप एकदा कुंपणावरून म्हणाला की झाड आता आपोआप उभं राहील. ती म्हणाली, "आपोआप काही उभं राहत नसतं. उभं दिसतं ते कुणीतरी धरून ठेवलेलं असतं." हे ती झाडाबद्दल म्हणायची, घराबद्दल म्हणायची, माणसांबद्दलही म्हणायची.

तिची खरी गोष्ट मला कळली ती आमच्याच घरच्या हळदीकुंकवामुळे.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. सून शैला हिने वीस-पंचवीस जणींना बोलावलं होतं. सकाळी मला म्हणाली, "आई, तुम्ही आज वरच्या खोलीत आराम करा ना. खाली सगळा गोंधळ असेल, तुम्हाला कंटाळा येईल." मी विधवा. ते तिने तोंडाने म्हटलं नाही, पण मला कळतं. तिळाचे लाडू मी वळले होते, दीडशे. ते चालले. मी कोट चढवला, बर्फ तुडवत आसुंताबाईकडे गेले.

तिने का आलीस म्हणून विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. नवरा मेलेली बाई त्या समारंभात नको असते, तिची सावली नको असते. आसुंताबाईचा चेहरा लाल झाला. तिने टेबलावर अशी मूठ आपटली की कप कलंडला.

"लाडू खातात?"

"खातात."

"मग सावली कशी नको?"

मग तिने साखरेचे खडे टेबलावर मांडले. मधे मोठा ढीग, तो डोंगर. या बाजूला इटली, त्या बाजूला स्वित्झर्लंड. दोन्ही देशांनी दोन्हीकडून खोदायला घेतलं होतं, मधे एकमेकांना भेटायचं ठरवून. तिचे आईबाप बोगद्याच्या इटलीकडच्या तोंडाशी, मजुरांच्या लाकडी खोल्यांत राहायचे. तिचा जन्म तिथलाच. बाप आत खोदायचा. आतला दगड तापलेला असायचा, कपाऱ्यांतून कढत पाणी यायचं, माणसं उघड्या अंगाने काम करायची.

बायकांना आत जायची बंदी होती. बोगद्यात बाई आली की डोंगर रुसतो, असा त्यांचा समज. बायका जेवण घेऊन तोंडापर्यंत यायच्या आणि तिथल्या दगडी चौकटीबाहेर उभ्या राहून भांडं पुढे करायच्या. आसुंताबाईची उंबऱ्यावरची सवय तिथली, आईकडून आलेली होती.

मला हसू आलं. म्हटलं, आमच्या घाटात वीजप्रकल्पाचा बोगदा खोदला तेव्हा आम्हा बायकांना कुणी अडवलं नव्हतं. दगडांची घमेली डोक्यावरून वाहून न्यायला बाई स्वस्त पडते. तिथे डोंगर रुसत नाही.

ती हसली नाही. पुढे सांगत राहिली.

एक दिवस पाळी सुटली आणि तिचा बाप बाहेर आला नाही. त्याच्या पायावर दगड पडला होता. बरोबरचे म्हणाले, आत पडलाय, गाड्यांची वाट मोकळी झाली की आणू. आई दोन तास थांबली. मग नवऱ्याचाच दुसरा कोट घातला, टोपी घातली, कंदील घेतला आणि आत गेली. नवऱ्याला पाठीवर घेऊन आली. पण येताना त्याने तिला वर बघायला सांगितलं. तिथले टेकू काढून नेले होते. पलीकडच्या देशाची टोळी पुढे चालली होती, लाकूड वेळेवर येत नव्हतं, म्हणून मुकादम मागचे टेकू काढून पुढे लावत होता. बापाने तशा अवस्थेत वरचा दगड ठोकून दाखवला. बद्द वाजला. आईने बाहेर आल्याबरोबर मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, बाई, तू आत गेलीस हेच मी ऐकलेलं नाही, घरी जा.

चौथ्या दिवशी बरोबर तिथेच छप्पर खाली आलं. माणसं गेली.

मुकादमाने टेकूंचं नाव काढलं नाही. आता मात्र त्याला आठवलं की बाई आत गेली होती.

बेकरीवाल्याने पाव देणं बंद केलं. चर्चमध्ये बाकावर बसलं की बाक रिकामं व्हायचं. शेवटी लंगडा नवरा आणि कडेवरची आसुंता घेऊन आई डोंगरावरच्या वाटेने चालत पलीकडच्या देशात गेली, तिकडच्या तोंडाशी काम मिळेल म्हणून. तिकडचा बेकरीवालाही पाव देईना. दोन्हीकडचा बोगदा अजून मधे मिळाला नव्हता, पण ही गोष्ट डोंगराच्या आरपार कधीच गेली होती. मग अमेरिका.

"इथे तरी सुटली असेल," मी म्हटलं.

"उद्या माझ्याबरोबर बेकरीत चल," ती म्हणाली.

गेले. पार्सिपनीपासून वीस मिनिटांवरच्या गावात त्या भागातून आलेली इटालियन घरं बरीच आहेत. आम्ही बेकरीत शिरलो तसे दोन म्हातारे बोलायचे थांबले आणि दोघांचे हात पँटच्या खिशात गेले. किल्ल्या वाजल्या. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, अपशकुनी माणूस दिसलं की लोखंडाला हात लावायचा असतो. आधी तिच्या आईसाठी लावायचे, आई गेल्यावर तिच्यासाठी. ऐंशी वर्षं झाली. मला त्या दोन म्हाताऱ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अजूनही वाटते.

त्या वसंतात बोगद्याचा वाढदिवस आला. त्या गावात त्या लोकांचं एक मंडळ आहे, आपल्यासारखंच. अध्यक्ष, खजिनदार, भांडणं, सगळं आपल्यासारखंच. मंडळाने वाढदिवसाला बोगद्याच्या इतिहासाचं एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलं. अध्यक्ष व्हिन्स नावाचा छपरांची कामं घेणारा धिप्पाड माणूस. त्या मुकादमाचा नातू. पुस्तकात आजोबांचा मिशीवाला फोटो पानभर.

आसुंताबाई पुस्तक घेऊन आली ती थेट आमच्या स्वयंपाकघरात. अकराव्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवून तिने ते दिलीपपुढे धरलं. दिलीपने वाचलं आणि मला मराठीत सांगितलं, "एका कामगाराच्या बायकोने बंदी मोडून आत पाऊल टाकलं आणि चौथ्या दिवशी डोंगराने सूड घेतला, अशी आख्यायिका आहे."

"टेकूंचं काय लिहिलंय?" मी विचारलं.

त्याने पानं चाळली. "काही नाही."

आसुंताबाई म्हणाली, "मी मेले की हेच उरेल. रविवारी त्यांची मीटिंग आहे. औसा, तू चल. तू बोगद्यात काम केलंस. तू सांग."

"आई, प्लीज," दिलीप म्हणाला. "त्यांच्या कम्युनिटीचा इश्यू आहे. आपण कशाला मधे पडायचं? आणि तू काय सांगणार?"

"घमेली वाहिली ते सांगणार."

 दिलीपचं खरं दुखणं ते होतं. मराठी मंडळात तो सांगतो, बाबा प्रोजेक्टवर होते. खोटं नाही. बाबा प्रोजेक्टवर सुरुंगाची भोकं पाडत होते आणि मी मागून दगड उचलत होते. आमच्या पैशावर आणि त्याच्या डोक्यावर तो इंजिनियर झाला. त्याला माझी लाज वाटते असं मी म्हणणार नाही. तो विषय बदलतो, एवढंच.

तरी त्याने गाडी काढली. मला इंग्रजी येत नाही आणि आसुंताबाईला धीर निघत नाही, म्हटल्यावर करतो काय.

मंडळाचा हॉल चर्चच्या तळघरात होता. पन्नासेक माणसं. आसुंताबाईने दारातला खांब ठोकला आणि सगळ्या खोलीभर किल्ल्या वाजल्या. दिलीपने माझ्याकडे पाहिलं. त्याला मी बेकरीचं सांगितलं होतं, तेव्हा त्याचा विश्वास बसला नव्हता.

व्हिन्स उठून पुढे आला. वागायला गोड माणूस. "झिया आसुंता," म्हणाला. झिया म्हणजे त्यांच्यात मावशी. "ती नुसती आख्यायिका आहे. तसं लिहिलंच आहे. पुस्तकाला जरा रंगत येते."

"माझी आई तुझ्या पुस्तकात तोंडी लावायला नाही," ती म्हणाली. "ती ओळ काढ. टेकू काढले म्हणून लिही."

"पुरावा काय?"

तिने काठी माझ्याकडे वळवली. "ही बाई दोन वर्षं डोंगराच्या आत होती. रोज. विचार हिला."

पन्नास तोंडं माझ्याकडे वळली. मी दिलीपला म्हटलं, मी सांगते तसं सांग. "मी दोन वर्षं बोगद्यात डोक्यावरून दगड वाहिले."

दिलीप इंग्रजीत काहीतरी बोलला. त्यात 'प्रोजेक्ट' शब्द आला. तेवढं इंग्रजी मला कळतं.

"प्रोजेक्ट नाही," मी म्हटलं. "दगड म्हण. डोकं म्हण. हाताने दाखव."

त्याचे कान लाल झाले. मग त्याने डोक्यावर दोन्ही हात धरून दाखवलं आणि सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. आसुंताबाईने काठी जमिनीवर आपटली, हसणं थांबलं.

व्हिन्सने विचारलं, "मग तुमच्या तिथे बायका असून डोंगर कधी पडला नाही?"

आसुंताबाई मान हलवायला लागली. नाही म्हण, अशी. तिने मला ते आधी कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. खोटं बोलले असते तर तिचं काम तिथेच झालं असतं. पण खोटं बोलायला मी तिथे गेले नव्हते.

"पडला," मी म्हटलं. "एकदा."

दिलीपने सांगितलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. व्हिन्सने हात पसरले, बघा, असे. आसुंताबाईचा चेहरा पांढरा पडला.

"पुढचं सांग," मी दिलीपला म्हटलं. "मागचे टेकू काढून पुढे लावले होते. आमच्या मुकादमाने. काम लवकर उरकायचं म्हणून. वरचा दगड बद्द वाजत होता, आम्ही दोघींनी सांगितलं होतं. चार गडी आणि एक बाई गेली. बाई माझी धाकटी जाऊ. तानूबाई."

दिलीप थांबला. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "आई, काकू तापाने गेली ना?"

"आधी त्यांना सांग."

"आई, मला लहानपणापासून तू सांगितलंस, तापाने..."

"हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. नवऱ्याच्या हजेरीत धरायचे. नाव नाही म्हणजे बाई आत नव्हतीच. मुकादम म्हणाला ताप म्हणा, आम्ही ताप म्हटलं. मग तेच म्हणत राहिलो. आता सांग त्यांना."

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, एकही शब्द न बदलता, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.  मागच्या ओळीतला एक म्हातारा, बेकरीत पाहिलेल्या दोघांतला, एकदा "सी" म्हणाला, म्हणजे होय. त्याच्या मुलीने त्याची बाही ओढली. तो परत काही बोलला नाही. असले खूप असतात.

व्हिन्स म्हणाला, पुस्तकं छापून झाली आहेत, दोन खोकी भरून, पुढच्या रविवारी वाटायची आहेत, आता काय करणार.

"खोकी माझ्या घरी पाठव," आसुंताबाई म्हणाली. "वाटायला मीच आणीन."

म्हातारी दमेल असं त्याला वाटलं असावं. त्याने पाठवली.

 गाडी घराजवळ आल्यावर दिलीप म्हणाला, "काकू मला खांद्यावर घ्यायची." मी म्हटलं, "घ्यायची." बस.

आठवडाभर आसुंताबाईच्या गॅरेजचं दार उघडं होतं. ती घडीच्या खुर्चीवर, मी दुसऱ्या. प्रत्येक प्रतीत ती ओळ काळ्या शाईने पट्टी धरून खोडायची, वर आपल्या भाषेत लिहायची, टेकू काढले म्हणून. ओळ अगदी सरळ यायची. पहिल्या दिवशी मी नुसती शाई वाळवायला फुंकत होते. मग तिने पेन माझ्यापुढे धरलं.

"तू लिही. शेजारी. तुझ्या भाषेत."

"वाचणार कोण?"

"माझ्या भाषेतलं तरी कोण वाचणार आहे? त्यांची पोरं इंग्रजीच वाचतात. लिही."

मी चौथीच्या अक्षरात लिहिलं. टेकू काढले म्हणून. तानूबाई. प्रत्येक पुस्तकात लिहिलं. माझ्या जावेचं नाव कागदावर पहिल्यांदा लागलं ते असं, न्यू जर्सीत, दुसऱ्यांच्या बोगद्याच्या पुस्तकात, समासात. गुरुवारी दिलीप ऑफिसातून आला तो घरात न जाता थेट गॅरेजमध्ये आला, तिसरी खुर्ची उघडली आणि खोडलेल्या ओळीखाली इंग्रजीत तेच लिहायला बसला. मी पुढचं पुस्तक त्याच्याकडे सरकवलं.

वाढदिवसानंतर दोन दिवसांनी माझं गावी परतायचं विमान होतं. अमेरिकेला मी परत गेले नाही, जाणारही नाही. आसुंताबाई आहे की गेली ते मला माहीत नाही. दिलीप घर बदलून दुसऱ्या गावाला गेला. म्हणजे मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी, त्यांच्या हॉलच्या दारात.

ती आत गेली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. एका बाजूच्या टेबलावर पुस्तकं, दुसऱ्या बाजूला तिने स्वतः केलेला अंजिराचा केक, कापून बशांत मांडलेला. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्यापुढून जावं लागत होतं. ती आधी उजव्या हातात पुस्तक द्यायची आणि माणूस हात मागे घेण्याआधी डाव्या हातात बशी. ऐंशीच्या पुढच्या म्हातारीने पुढे केलेली बशी चर्चच्या दारात नाकारायची कुणाची छाती झाली नाही. व्हिन्स आला. त्याचा हात खिशाकडे निघालेला मी पाहिला. तिने त्याला पुस्तक दिलं, मग बशी दिली, आणि तो तिच्यासमोर तसाच उभा राहिला, दोन्ही हात भरलेले.

"खा," ती म्हणाली. "मग पान अकरा उघड."